एक देह, चार फायली

फिजिओथेरपीच्या दवाखान्यात वऱ्हाडातला पेशंट येतो तो पिशवी घेऊन. साडीच्या दुकानाची जाड पिशवी. तिच्यात मोठ्या पाकिटात दुमडून कोंबलेला एक्स-रे, घडीवर पुसट झालेला ईसीजीचा कागद, शुगरच्या रिपोर्टांची चळत आणि कापून आणलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या असतात. पाच गोळ्या मागितल्या की मेडिकलवाला कात्रीनं पट्टी कापून देतो, आणि गोळीचं नाव नेमकं कापलेल्या दुसऱ्या तुकड्यावर राहून जातं. पिशवी टेबलावर येते, पण पेशंट तिच्यातून फक्त एक्स-रे बाहेर काढतो. "टोंगये दुखतेत," म्हणजे गुडघे दुखतात, एवढंच सांगतो. हाडाच्या डॉक्टरनं पाठवलंय, तर इथे हाडाचंच बोलायचं, बाकीच्या आजारांचे डॉक्टर वेगळे, हे त्यानं इतक्या वर्षांत शिकून घेतलेलं असतं. समोरचाही बहुधा एक्स-रेच पाहतो. पिशवीतलं उरलेलं सगळं पिशवीतच राहतं.

ज्याला एकाच वेळी तीन-चार आजार आहेत त्याला फिजिओथेरपिस्टकडून काय हवं असतं, हा या लेखाचा विषय आहे. अमरावती आणि अकोला इथे राहून हा प्रश्न पाहिला की एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. माणसाला जितके आजार जास्त, तितकी त्याला या उपचाराची गरज जास्त. कारण दुखण्यावरच्या गोळ्यांचे बाकीचे रस्ते त्याच्यासाठी एकेक करून बंद होत गेलेले असतात. आणि नेमक्या त्याच माणसाच्या वाट्याला सर्वांत तोकडी फिजिओथेरपी येते.

दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यातली 62 वर्षांची एक बाई डोळ्यांसमोर आणू. ही कुणी एक बाई नाही. सकाळी दहा वाजता सरकारी दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या अनेकजणींवरून ती इथे जुळवली आहे. दहा वर्षांपासून शुगर, सात वर्षांपासून बीपी. दोन्ही टोंगळे झिजलेले. उजवा हात खांद्यातून वर जात नाही, वेणी घालायला सून लागते. तळपायांना मुंग्या येतात. चप्पल पायातून निसटली तरी कधीकधी कळत नाही. गेल्या वर्षी रक्त तपासलं तेव्हा क्रिएटिनिन थोडं वाढलेलं निघालं. घरी चार एकर कोरडवाहू. दिवाळीच्या पुढेमागे कापूस फुटतो, आणि वेचणीच्या दिवसांत चालतंफिरतं माणूस घरात बसून राहिलेलं कुणालाच परवडत नाही, तिला स्वतःला तर नाहीच.

आता तिला मिळालेले सल्ले पाहा. शुगरचे डॉक्टर म्हणतात, रोज अर्धा-पाऊण तास चाला. हाडाचे डॉक्टर म्हणतात, चालणं कमी करा, जिना नको, खाली बसू नका. बीपीवाले म्हणतात, वजन कमी करा, टेन्शन घेऊ नका. पायाला जखम झाली तेव्हा ड्रेसिंग करणाऱ्यानं सांगितलं, पाय टेकवूच नका. प्रत्येक सल्ला आपापल्या जागी बरोबर आहे, पण पाय दोनच आहेत. संध्याकाळी चारच्या सुमाराला चप्पल घालून ती अंगणात उभी राहते तेव्हा चालायचं की नाही हे तिला एकटीलाच ठरवावं लागतं. ज्या दिवशी दुखणं जास्त त्या दिवशी हाडाच्या डॉक्टरचं ऐकलं जातं, शुगर वाढलेली निघाली की शुगरच्या. असं करत वर्षं जातात, मांड्यांचे स्नायू वाळत जातात, आणि स्नायू वाळले की गुडघ्यावरचा भार वाढतो.

तिची फिजिओथेरपिस्टकडून पहिली अपेक्षा ही आहे, मग ती तोंडानं सांगो वा न सांगो: या सगळ्यांचं म्हणणं एका ठिकाणी आणून मला काय करायचं ते एकदाचं सांगा. अपेक्षा रास्त आहे. या सगळ्या मंडळींत तिला हात लावून, चालायला लावून, उठबस करायला लावून तपासणारा हा एकटाच असतो. मोठ्या डॉक्टरांकडे तीन मिनिटं मिळतात. इथे वीस मिळू शकतात, तीही लागोपाठ दहा दिवस. तिला घरी किती पायऱ्या आहेत, संडास कसला आहे, पाणी कुठून आणावं लागतं, हे विचारायला वेळ असलेला वैद्यकातला माणूस दुसरा कोण आहे?

आणि उत्तर असतंही. गुडघे झिजलेल्या माणसाला व्यायाम वर्ज्य तर नाहीच, उलट मांडीचे स्नायू बळकट केले की दुखणं कमी होतं आणि हालचाल सुधारते, हे अनेक चाचण्यांमधून सिद्ध झालेलं आहे. तोच व्यायाम शुगर आटोक्यात ठेवायला आणि बीपी उतरवायला कामी येतो. चार फायलींना एकाच वेळी उपयोगी पडेल असं दुसरं औषध नाही. प्रश्न फक्त मात्रेचा असतो. सलग अर्धा तास जमत नसेल तर दहा-दहा मिनिटं तीनदा. जोर लावताना श्वास रोखायचा नाही, कारण त्यानं बीपी झपकन चढतो. इन्सुलिन घेणाऱ्यानं उपाशीपोटी व्यायाम करायचा नाही, आणि थरथर, घाम, डोळ्यांपुढे अंधारी आली तर तिथेच थांबून साखर खायची. हृदयाचा ठोका आवरणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर नाडी हवी तशी वाढत नाही, मग नाडी मोजून व्यायामाचा जोर ठरवणं फसतं. तिथे चालताना दोन वाक्यं सलग बोलता येतात का, हे माप धरायचं. विश्रांतीतला बीपी 180/110 च्या वर असेल तर त्या दिवशीचा व्यायाम पुढे ढकलून आधी डॉक्टरांना कळवायचं. हे सगळं फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्याला शिकवलेलं असतं. मात्र ते वापरायला पिशवी उघडावी लागते.

पिशवी का उघडावी, याचं वऱ्हाडातलं सर्वांत मोठं कारण गोळ्या हे आहे.

टोंगळे दुखले की मेडिकलमधून डायक्लोफिनॅकची किंवा तसलीच गोळी आणायची, ही गावोगावची रीत आहे. चिठ्ठी कुणी मागत नाही, दहा-पंधरा रुपयांत रात्र निभावते. ज्याला फक्त गुडघेदुखी आहे त्याला चार दिवस ती गोळी बहुधा सोसते. पण आपल्या बाईच्या पट्ट्यांत बीपीची टेल्मिसार्टन आहे आणि पायावर सूज येते म्हणून लघवी साफ करणारी गोळीही आहे. या दोन्हींच्या जोडीला तिसरी दुखण्याची गोळी गेली की किडनीकडे जाणारा रक्ताचा दाब तीन बाजूंनी कमी होतो आणि किडनी अचानक ढासळू शकते. हे वैद्यकातलं माहीत असलेलं, पुस्तकात छापलेलं त्रिकूट आहे. त्यात शरीरातलं पाणी कमी झालेलं असलं तर धोका आणखी वाढतो. आणि पाणी कमी होणं म्हणजे काय, हे अकोल्याच्या माणसाला सांगायला नको. मे 2020 च्या अखेरीस अकोल्यात पारा 47 अंशांच्या पुढे गेला होता. मे 2024 च्या अखेरीस उन्हापायी जिल्ह्यात जमावबंदीचं कलम 144 लावावं लागलं. अशा उन्हात नांगरटीच्या ढेकळांतून काड्या वेचून आलेली बाई रात्री दुखण्याची गोळी घेते तेव्हा तिच्या किडनीवर किती बाजूंनी मार असतो, याचा हिशेब कोणत्याच एका फाइलीत नसतो.

पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला आहे. तिथल्या विहिरींचं पाणी खारट, आणि किडनीच्या आजाराची तक्रार तिथून वर्षानुवर्षं येते आहे. पाण्याचा त्यात वाटा किती, शुगर-बीपीचा किती आणि दुखण्याच्या गोळ्यांचा किती, हे वेगळं काढणं सोपं नाही. पण यातला एक वाटा तरी उद्यापासून कमी करता येतो, आणि तो कमी करण्याचं सर्वांत मोठं साधन व्यायाम आणि हातानं केलेले उपचार हे आहे. म्हणून जिची किडनी काठावर आहे, तिच्यासाठी फिजिओथेरपी ही ऑपरेशननंतरची जोडसेवा मुळीच नाही. तिच्या दुखण्यावरचा तोच मुख्य उपचार आहे. हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. तिला सांगितलेलं असतं, "दहा दिवस शेक घ्या."

शेकाबद्दल सविस्तर बोललं पाहिजे, कारण पेशंटच्या अपेक्षेचा मोठा भाग त्यानं व्यापला आहे. मशीन लावलं म्हणजे उपचार झाला, मशीन न लावता नुसता व्यायाम शिकवला तर "पैसे कायचे घेतले?" असा चेहरा होतो. यात पेशंटचा दोष मला दिसत नाही. दवाखान्यांनीच त्याला वर्षानुवर्षं करंटची, शेकाची, कंबरेला वजन लावण्याची सवय लावली. एक पेशंट मशीनवर झोपवला की दुसऱ्याकडे जाता येतं, दिवसाला चाळीस पेशंट होतात. शेकानं बरं वाटतं, हेही खरं आहे. स्नायू सैलावतो, दुखणं काही तास कमी होतं. पण अनेक आजारांच्या माणसाला शेक हा निरुपद्रवीही नसतो. शुगरनं ज्याच्या पायाची जाणीव गेली आहे त्याला गरम पिशवीचा चटका कळत नाही, आणि संध्याकाळी घरी फोड दिसतो. पेसमेकर बसवलेल्या माणसाला डायथर्मी चालत नाही. शरीरात धातूची पट्टी असेल तर त्या जागी ती लावता येत नाही. एवढ्यासाठी तरी विचारणा व्हायला हवी, आणि ती न करता मशीन लावणाऱ्या ठिकाणाहून पेशंटनं उठून यावं, असं मी स्पष्ट म्हणेन.

हा उपचार एका अवयवापाशी का अडकला, याचं उत्तर काही अंशी त्याच्या जन्मात आहे. 1952 मध्ये मुंबईत पोलिओची साथ आली आणि पुढच्याच वर्षी, 1953 मध्ये, केईएम रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं फिजिओथेरपीचं शिक्षण देणारी शाळा सुरू झाली. 1955 मध्ये या व्यावसायिकांची देशपातळीवरची संघटना उभी राहिली. सुरुवातीचा पेशंट म्हणजे लहान मूल: आजार एक, पाय लुळा, बाकी शरीर धडधाकट आणि पुढे सगळं आयुष्य. त्या मुलाभोवती तपासणीची पद्धत घडली, नोंदीचे कागद घडले. पोलिओ गेला. आजचा पेशंट साठीचा आहे आणि त्याच्या शरीरात धडधाकट असं थोडंच उरलंय. 2017-18 मध्ये देशभर झालेल्या वृद्धांच्या मोठ्या सर्वेक्षणात 60 वर्षांवरच्या दर चारांतल्या तिघांना कोणता ना कोणता जुनाट आजार असल्याचं आढळलं. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या अभ्यासानुसार देशात 10 कोटींहून अधिक मधुमेही आहेत. आणि मधुमेह एकटा येत नाही. आखडलेला खांदा मधुमेह्यांत इतरांपेक्षा कितीतरी जास्त आढळतो. म्हणजे आपल्या बाईची न घालता येणारी वेणीसुद्धा शुगरच्याच फाइलीतली आहे. तिला मात्र वाटतं, बादली उचलताना कधीतरी लचक भरली असेल.

स्कॉटलंडमध्ये साडेसतरा लाख लोकांच्या नोंदी तपासून 2012 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जवळपास चौथ्या हिश्श्याच्या लोकांना दोन किंवा अधिक जुनाट आजार होते, आणि गरीब वस्त्यांत हे आजार दहा ते पंधरा वर्षं आधी गाठत होते. दुसरा भाग वाचताना वऱ्हाड आठवल्याशिवाय राहत नाही. पंचेचाळिशीत शुगर, पन्नाशीत टोंगळे, पंचावन्नला लकवा, हा क्रम इथल्या गावांत कुणाला नवा नाही.

एक गोष्ट मात्र अमरावतीला फार आधी कळली होती. डॉ. शिवाजीराव पटवर्धन, म्हणजे लोकांचे दाजीसाहेब, यांनी 1946 मध्ये शहराबाहेर तपोवन उभं केलं ते कुष्ठरुग्णांसाठी. परतवाड्याजवळ कोठाऱ्याचं कुष्ठरोग रुग्णालयही याच जिल्ह्यात आहे. कुष्ठरोगात नसांना इजा होते, पाय बधिर होतो, काटा रुतला तरी कळत नाही, जखम चिघळते आणि बोटं जातात. औषधानं जंतू मेला तरी बधिरपणा राहतो. म्हणून कुष्ठसेवेनं रुग्णाला रोजचं एक काम शिकवलं: संध्याकाळी पाय पाण्यात भिजवायचे, कोरडे करून तेल लावायचं, आरसा धरून तळवा पाहायचा, लाली किंवा फोड दिसला तर त्या दिवशी चालणं थांबवायचं, आणि मऊ रबराच्या तळाची एमसीआर चप्पल घालायची. आज मधुमेहाच्या पायासाठी तज्ज्ञ जे सांगतात ते याहून फारसं वेगळं नाही. चप्पलही तीच सुचवली जाते. म्हणजे बधिर पाय घेऊन आयुष्य कसं काढायचं, याची विद्या या जिल्ह्यात सात-आठ दशकांपासून आहे. ती तपोवनाच्या आणि कोठाऱ्याच्या फाटकाबाहेर पडून आपल्या बाईच्या ओसरीपर्यंत पोचलेली नाही. ही बाई उन्हाळ्यातही अनवाणी तुळशीला पाणी घालते, देवळात जाते, आणि तळव्याची भाजलेली जागा दुसऱ्या दिवशी सुनेला दिसते. फिजिओथेरपिस्टनं टोंगळा पाहताना चप्पल काढायला लावून तळवे पाहिले, बोटांना 10 ग्रॅमचा नायलॉनचा धागा टेकवून जाणीव तपासली, तर दोन मिनिटं जातात. त्या दोन मिनिटांनी एखादा पाय वाचू शकतो.

पेशंटला काय हवंय हे विचारलं तर काय उत्तर येतं? "दुखणं गेलं पायजे," हे पहिलं. पण जरा थांबून, "दुखणं कमी झालं तर काय कराल, काकू?" असं विचारा, मग खरं बोलणं सुरू होतं. गजानन विजय ग्रंथाचं पारायण मांडी घालून करायचं असतं. एकवीस अध्याय खुर्चीवर बसून वाचले तर पोचत नाहीत असं मनात असतं. एखाद्या काकाजींना शेगावला पायी जायचं असतं, अकोल्यापासून निघून, दरवर्षी जातात तसं, आणि गेल्या वर्षी अँजिओप्लास्टी झाल्यापासून घरचे सोडत नाहीत. अकोल्यातला पन्नाशीचा माणूस श्रावणातल्या शेवटच्या सोमवारच्या कावडीबद्दल विचारतो: गांधीग्रामच्या पूर्णेचं पाणी खांद्यावर घेऊन राजराजेश्वरापर्यंत यायचं, खांदा देता येईल का? एखादीला नातवाला उचलायचं असतं. आणि फार जणांना, संकोचानं, संडासाला बसता यावं एवढंच हवं असतं. गावात घरोघरी संडास झाले ते खाली बसायचे. झिजलेल्या टोंगळ्याला किंवा लकवा झालेल्या अंगाला तिथे बसणं आणि उठणं ही रोजची शिक्षा होते. त्या भीतीनं माणसं कमी खातात, कमी पाणी पितात. कमी पाणी, म्हणजे पुन्हा किडनी. हजार-दोन हजारांची कमोडची खुर्ची आणि भिंतीला एक दांडी यानं जे होतं ते महिनाभराच्या शेकानं होत नाही. पण हे सांगायला आधी संडासाबद्दल विचारावं लागतं.

वेचणीचंही तसंच. "कापूस वेचाले जाऊ का नको?" या प्रश्नाला "नका जाऊ" हे उत्तर देणं सोपं आहे, पण ती ते पाळू शकत नाही. तिला हवं असतं ते, जायचंच आहे तर कसं जायचं. कमरेला बांधलेली झोळी भरेपर्यंत वाट न पाहता अर्धी भरली की रिकामी करायची, म्हणजे वाकलेल्या कंबरेवर ओझं लटकत नाही. दर वीस मिनिटांनी सरळ उभं राहून पाठ मागे न्यायची. निंदणाच्या दिवसांत उकिडवं बसून सरकण्याऐवजी लांब दांड्याच्या हत्यारानं उभ्यानं होईल तेवढं करायचं. पाण्याची बाटली धुऱ्यावर न ठेवता सोबत ठेवायची. बंद चप्पल किंवा बूट घालायचे, कारण पऱ्हाटीची फणकटं बधिर पायाला कळत नाहीत. यातलं काहीच कुठल्या मशीनवर मिळत नाही.

आणि जे ती सांगतच नाही ते? खोकला आला, हसू आलं की लघवीचे थेंब जातात. त्यामुळे ती लग्नाकार्याला जात नाही, बसचा प्रवास टाळते, व्यायामाला "जमत नाही" म्हणते. हे वयाचं आहे असं तिनं गृहीत धरलेलं असतं. ओटीपोटाखालचे स्नायू आवळण्याचे व्यायाम हा यावरचा पहिला उपचार आहे आणि तो फिजिओथेरपीचाच भाग आहे, हे शहरातल्या शिकलेल्या बायकांनाही अनेकदा माहीत नसतं. इथे बाई फिजिओथेरपिस्ट असणं, पडदा असणं, नवऱ्याला पाच मिनिटं बाहेर बसवणं, या लहान गोष्टी फार मोठ्या ठरतात. वऱ्हाडातल्या कितीतरी मुली सावंगीच्या रवी नायर महाविद्यालयातून आणि इतर ठिकाणांहून ही पदवी घेऊन येतात. त्यांना हा प्रश्न विचारता येतो. त्यांनी तो विचारावा.

घरातल्या पडण्याचंही असंच एकात एक गुंतलेलं असतं. लघवीची गोळी संध्याकाळी घेतली म्हणून रात्री दोनदा उठावं लागतं. बीपीच्या गोळीनं उठताक्षणी चक्कर येते. तळव्याला जमीन नीट कळत नाही, मांडीत जोर नाही, अंगणात दिवा नाही. खुबा मोडतो तेव्हा हाडाच्या फाइलीत लिहिलं जातं, "पडून फ्रॅक्चर." या साखळीतली कोणती कडी तोडायची? गोळीची वेळ सकाळची करता येईल का, हे डॉक्टरांना विचारता येतं. उठण्याआधी मिनिटभर खाटेच्या कडेला बसून पावलं वरखाली हलवायला शिकवता येतं. दिवा लावता येतो. साखळी दिसण्यासाठी मात्र कुणीतरी सगळ्या फायली एकत्र वाचल्या पाहिजेत.

अमरावतीत व्यायामाला जो मान आहे तो फार थोड्या शहरांत असेल. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ इथे 1914 पासून आहे आणि 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी इथल्या मल्लांनी तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली. पण त्या परंपरेतून मनात बसलेला व्यायाम म्हणजे जोर, बैठका, मल्लखांब; तरण्याताठ्या पोट्ट्यांचं काम. साठीच्या आजारी बाईला "व्यायाम करा" म्हटलं की तिला ती थट्टा वाटते. टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवून पाच सेकंद दाबायची, हा व्यायाम आहे हे तिला पटतच नाही. ते पटवायला तिच्याच देहाचा पुरावा लागतो. खुर्चीतून हात न टेकता अर्ध्या मिनिटात किती वेळा उठता येतं ते पहिल्या दिवशी मोजून फाइलीवर लिहायचं, आणि तीन आठवड्यांनी तिच्यासमोर पुन्हा मोजायचं. आकडा वाढलेला स्वतः पाहिला की मग मशीनची आठवण कमी होते.

ओझ्याचं काय? अनेक आजारांच्या माणसाला उपचार हेच एक काम होऊन बसतं. अमेरिकेतले व्हिक्टर माँटोरी आणि ब्रिटनमधले कार्ल मे व फ्रान्सिस मेअर यांनी 2009 मध्ये हे ठामपणे मांडलं की पेशंटच्या जगण्याला कमीत कमी विसकटेल असं वैद्यक हवं. इंग्लंडच्या नाइस या संस्थेनं 2016 मध्ये अनेक आजारांच्या पेशंटसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांतही उपचारांचं ओझं किती होतंय हे विचारायला सांगितलं आहे. आपल्याकडचं ओझं नुसतं गोळ्यांचं नाही. जून 2022 मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते मूर्तिजापूरच्या टप्प्यात 105 तास 33 मिनिटांत 75 किलोमीटर डांबरीकरण झालं, त्याची गिनीज बुकात नोंद झाली. रस्ता खरोखर चांगला झाला. पण गावातून त्या महामार्गापर्यंत यायला सकाळची एकच एसटी, परतीची तीनला. सोबत मुलगा किंवा सून हवी, म्हणजे दोघांची मजुरी बुडाली. "दहा दिवस रोज या" हे सांगताना हे गणित समोर असायला हवं. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार निःशुल्क आहेत, ही मोठी सोय झाली. अमरावतीच्या इर्विन या जिल्हा रुग्णालयात पैसे लागत नसले तरी तिथवर पोचायला दिवस लागतो. मेळघाटातल्या धारणीच्या माणसाला तर येऊन-जाऊन दोन.

म्हणून तिला हवं असतं थोडं आणि टिकणारं. बारा चित्रांचा छापील कागद नको, तो देवघरात खोचला जातो. तीनच व्यायाम, रोजच्या कामाला बांधलेले: चहा उकळेपर्यंत ओट्याला धरून टाचा उचलणं, दूरदर्शनसमोर खुर्चीतून उठबस, झोपण्यापूर्वी टॉवेलची गुंडाळी. सुनेच्या फोनवर तिच्याच आवाजातला, तिच्याच खाटेवर काढलेला व्हिडिओ. मधल्या आठवड्यात एक फोन. आणि एक चिठ्ठी, मोठ्या डॉक्टरांच्या नावानं, साध्या मराठीत किंवा त्यांना वाचता येईल अशी: यांचं क्रिएटिनिन वाढलेलं आहे, तरी त्या दुकानातून दुखण्याची गोळी घेत आहेत, तळव्यांची जाणीव कमी आहे, उठताना चक्कर येते, कृपया गोळ्यांची वेळ पाहावी. या चिठ्ठीला अर्धं पान लागतं. ती फार थोड्या ठिकाणी लिहिली जाते. याला फिजिओथेरपिस्टचा आळस म्हणणं अन्यायाचं होईल. अनेकांचा अनुभव असा की चिठ्ठी वाचलीच जात नाही, किंवा "हे आम्हाला शिकवणार?" असा सूर येतो. सप्टेंबर 2025 मध्ये फिजिओथेरपिस्टांनी नावाआधी 'डॉ.' लावायचं की नाही यावर दिल्लीतून एक पत्र निघालं आणि दुसऱ्याच दिवशी मागे घेतलं गेलं. त्या वादात दोन्ही बाजूंनी खूप बोललं गेलं. चिठ्ठीची ये-जा कशी सुरू होईल यावर कुणी बोललं असतं तर पेशंटचं काही भलं झालं असतं.

व्यवस्था नाही असंही नाही. असंसर्गजन्य आजारांसाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम 2010 मध्ये सुरू झाला तेव्हा पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातल्या ज्या थोड्या जिल्ह्यांची निवड झाली त्यांत अमरावती होतं. त्याच सुमाराच्या ज्येष्ठ नागरिकांच्या कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयात 10 खाटांचा कक्ष आणि फिजिओथेरपीची सोय धरलेली आहे. गावपातळीवर आशाताई तिशीवरच्या प्रत्येकाचा तपासणी अर्ज भरतात. त्यात साठीवरच्यांसाठी विचारलेलं असतं: उभं राहताना, चालताना तोल जातो का? रोजच्या कामांना दुसऱ्याची मदत लागते का? प्रश्न अगदी नेमके आहेत. ताई "हो" वर खूण करतात. त्या खुणेनंतर माणसाला पाठवायचं कुठे, तिथे गाडी अडते. शुगर-बीपीची गोळी उपकेंद्रात मिळते. तोल जाणाऱ्याला शिकवणारं माणूस तालुक्यालाही सहज सापडत नाही. अमरावती जिल्ह्याची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत 28 लाख 88 हजार होती, अकोल्याची 18 लाख 14 हजार. आज ती दोन्हीकडे वाढलेली आहे आणि म्हातारीही झाली आहे.

अचलपूर, दर्यापूर, मूर्तिजापूर इथे उपजिल्हा रुग्णालयं आहेत. तिथे शुगर-बीपीची ओपीडी असते त्याच खोलीशेजारी, त्याच दिवशी फिजिओथेरपिस्ट बसला तर गोळ्या घ्यायला आलेल्या माणसाची वेगळी फेरी वाचते. तो दिवस आठवडी बाजाराचा ठेवावा. बाजाराला गावातून गाड्या जास्त असतात, सोबतीला कुणीतरी येतंच, आणि मजुरीचा खाडा तसाही धरलेला असतो. आशाताईंनी खूण केलेल्यांची यादी आदल्या दिवशी रुग्णालयात पोचावी. मोबाइलवर फोटो पाठवला तरी चालेल. पेशंटला एकच निरोप जावा: पिशवी सगळी घेऊन या, पट्ट्या कापलेल्या असल्या तरी.